सराव उड्डाणावरचं लढाऊ विमान रडारवरून गेलं, की शोध कुठून सुरू होतो?

गगनवेध (धागाकर्ता)

23 मे 2017 ला सकाळी आसाममधल्या तेजपूरहून नेहमीच्या सरावाला गेलेलं हवाई दलाचं सुखोई-30 एमकेआय तळाच्या उत्तरेला साधारण 60 किलोमीटरवर असताना रडारवरूनही गेलं आणि रेडिओवरूनही. अवशेष सापडले 26 तारखेला, तेही शेवटच्या ठाऊक असलेल्या जागेच्या आसपासच. विमानात स्क्वाड्रन लीडर डी. पंकज आणि फ्लाइट लेफ्टनंट एस. अचुदेव होते. फ्लाइट डेटा रेकॉर्डर आणि जागेवर सापडलेल्या वस्तूंवरून दोघांना आघाताआधी इजेक्ट करता, म्हणजे सीटसकट विमानाबाहेर पडता आलं नाही, असं हवाई दलाने 31 मे ला सांगितलं.

अशी बातमी आली की लोक दोन गोष्टी हमखास विचारतात. वर एवढे उपग्रह असताना विमान सापडत कसं नाही? आणि बीकनचा, म्हणजे अपघाताची जागा कळवणाऱ्या रेडिओ यंत्राचा संदेश आला नाही, म्हणजे काहीतरी लपवलं जातंय का? दोन्हींची उत्तरं भूमितीत आणि यंत्रांच्या रचनेत आहेत. या धाग्यात तेवढंच बोलू. तर्ककुतर्क आणि कारस्थानं नकोत, दोन घरांचं दुःख आहे त्यामागे.

सुरुवात मी करतो. 'रडारवरून गेलं' आणि 'पडलं' या दोन घटना एकाच क्षणी घडतात असं नाही. रडारची लहर जवळजवळ सरळ रेषेत जाते. सपाट जमिनीवर 20 मीटर उंच अँटेनाला 300 मीटरवर उडणारं विमान साधारण 90 किलोमीटरपर्यंत दिसतं, 3000 मीटरवरचं 240 किलोमीटरपर्यंत. पण तेजपूरच्या उत्तरेला सपाटी लगेच संपते आणि अरुणाचलचे डोंगर सुरू होतात. समजा अँटेनापासून 40 किलोमीटरवर तिच्याहून 2000 मीटर उंच धार आहे. मग 60 किलोमीटरवरचं विमान सुमारे 3070 मीटरच्या, म्हणजे 10,000 फुटांच्या खाली आलं की धारेआड जातं. म्हणजे शेवटचा ठिपका आणि प्रत्यक्ष आघात यांच्यात 3 किलोमीटर उंचीचं उड्डाण शिल्लक असू शकतं, आणि त्यातलं काहीच कुणी पाहिलेलं नसतं.

कर्णधार_७२

उत्तम सुरुवात. त्यात रडारच्या फेरीचा वेळ धरा. तळाजवळचं रडार साधारण 4-5 सेकंदांत एक फेरी मारतं, लांब पल्ल्याचं 10-12 सेकंदांत. ताशी 900 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 250 मीटर. 12 सेकंदांच्या फेरीत विमान 3 किलोमीटर पुढे गेलेलं असतं, आणि लढाऊ विमान तेवढ्या वेळात सहज उलट्या दिशेला तोंड करतं. त्यामुळे शेवटच्या ठिपक्याची दिशा पुढे रेघ ओढून वाढवली तर शोध भलत्याच दरीत जातो.

दुसरं म्हणजे पडद्यावर जो नंबर आणि उंची दिसते ती ट्रान्सपॉन्डरने, म्हणजे रडारच्या हाकेला उत्तर देणाऱ्या विमानातल्या यंत्राने पाठवलेली असते. विमानातली वीज गेली किंवा अँटेना जमिनीच्या बाजूने झाकली गेली की नंबर आणि उंची जाते, विमान मात्र उडत असू शकतं. अशा वेळी प्रायमरी रडारचा कच्चा विदा (डेटा) परत चालवून पाहतात, कारण त्यात नुसत्या धातूवरून परतलेली लहर असते. गाळणी लावून पुसलेले फिके ठिपके त्यात कधीकधी सापडतात. शोधाचं पहिलं खरं काम हेच. हेलिकॉप्टर उडायच्या आधी सगळ्या रडारांची ध्वनिमुद्रणं आणि चित्रं सील करून, घड्याळं एकमेकांशी जुळवून, शेवटची वेळ सेकंदापर्यंत ठरवायची. दोन रडारांच्या घड्याळांत 20 सेकंदांचा फरक असेल तर 5 किलोमीटरची चूक तिथेच झाली.

तिसरा_डोळा

आणि त्या आधीच्या काही मिनिटांत काय करतात तेही लिहायला हवं. उत्तर आलं नाही की नियंत्रक ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर, मग 121.5 आणि 243 मेगाहर्ट्झ या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सींवर हाक मारतो. उंचावर असलेल्या दुसऱ्या विमानाला निरोप पोचवायला सांगतात, कारण त्याला धारेपलीकडचं ऐकू येतं. जवळच्या सगळ्या धावपट्ट्यांना फोन जातात, न सांगता उतरलंय का ते बघायला. त्याच वेळी इंधनाचा हिशोब सुरू असतो. उडताना टाकीत किती होतं आणि आफ्टरबर्नर (जास्त जोरासाठी भरपूर इंधन जाळणारा इंजिनाचा भाग) किती वापरणार होते, यावरून विमान जास्तीत जास्त किती वाजेपर्यंत हवेत राहू शकतं ती वेळ निघते. ती टळली की आशेला जागा नाही. पण शोध त्या वेळेची वाट बघत थांबत नाही.

नीलकंठ

बीकनचं काय? 406 मेगाहर्ट्झचं बीकन तर थेट उपग्रहाला संदेश देतं ना?

कर्णधार_७२

@नीलकंठ, देतं, पण आधी चालू व्हायला हवं. प्रवासी विमानात ते सांगाड्याला बसवलेलं असतं आणि धक्क्याने सुरू होतं. लढाऊ विमानांत बहुतेक वेळा ते वैमानिकाच्या सीटखालच्या जीवरक्षक संचात असतं आणि सीट-माणूस वेगळे झाले की चालू होतं. वैमानिक इजेक्टच झाला नाही तर ते सुरू व्हायचं कारणच घडत नाही. तेजपूरच्या बाबतीत हवाई दलाने काय सांगितलं ते धागाकर्त्याने वर लिहिलंच आहे, त्यावरून बघा.

चालू झालं तरी अडचणी आहेत. ते 50 सेकंदांतून एकदा, अर्धा सेकंद, 5 वॅटने बोलतं. अँटेना मोडली, बीकन अंगाखाली दबलं, अरुंद घळीत पडलं, तर आकाशाचा जो तुकडा दिसतो त्यात उपग्रह असावा लागतो. पाण्याखाली 406 ची लहर जातच नाही. फक्त डॉप्लरवरून, म्हणजे उपग्रह सरकताना लहरीच्या फ्रिक्वेन्सीत पडणाऱ्या फरकावरून काढलेली जागा 5 किलोमीटरपर्यंत इकडेतिकडे असते. जीपीएस जोडलेलं असेल तर 100 मीटरच्या घरात येते. भारतात हे संदेश इस्रोच्या बंगळुरू केंद्रात येतात. आणखी एक, जुनी बीकनं फक्त 121.5 वर बोलायची. ती फ्रिक्वेन्सी ऐकणं उपग्रहांनी 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. आता तिचा उपयोग हेलिकॉप्टरला शेवटच्या काही किलोमीटरवर नेम धरण्यापुरता.

रानवाटा

तेजपूरच्या विमानाला तीन दिवस का लागले, याचं गणित करून बघू.

शेवटच्या जागेभोवती 20 बाय 20 किलोमीटरचा चौकोन घेतला तर 400 चौरस किलोमीटर होतात. उघड्या वाळवंटात हेलिकॉप्टरमधून दोन्ही बाजूंचं बरंच दिसतं. सदाहरित जंगलावर मात्र थेट खालचंच, तेही फटींतून. समजा उपयोगी पट्टा 200 मीटर रुंद आहे. मग 400 चौरस किलोमीटरसाठी 2000 किलोमीटर उड्डाण लागतं. ताशी 120 च्या वेगाने जागेवरचे 16-17 तास, तळावरून जाण्यायेण्याचे वेगळे. मे महिन्यात त्या डोंगरांत ढग चढायच्या आत सकाळचे थोडे तास मिळतात. आणि इतकं करूनही सापडण्याची शक्यता 100 टक्के होत नाही. शोधशास्त्रातल्या नेहमीच्या सूत्राने, सगळं क्षेत्र एकदा झाकलं तर साधारण 63 टक्के.

इथेच लोकांचा गैरसमज होतो. 'तो भाग बघून झाला' असं शोधात म्हणतच नाहीत. उदाहरण घ्या. 'अ' दरीत विमान असण्याची शक्यता 60 टक्के, 'ब' दरीत 40. 'अ' दरी बघितली, पण झाडीमुळे तिथे असलं तरी दिसण्याची शक्यता फक्त 50 टक्के होती, आणि काही मिळालं नाही. आता 'अ' 43 टक्के, 'ब' 57. म्हणजे उद्या आधी 'ब' कडे जायचं, पण 'अ' अजून यादीत आहे आणि परवा कदाचित पुन्हा तिथेच. अवशेष अखेर पहिल्या दिवशी ज्यावरून उडालो त्याच जागी मिळाले, तर तो निष्काळजीपणा नसतो.

डोंगरात उडण्याची पद्धतही वेगळी. समांतर पट्टे पाडता येत नाहीत, समोच्च रेषा धरून, म्हणजे डोंगराभोवती एकाच उंचीवरून जावं लागतं. वरून सुरुवात करायची, माथ्याभोवती एक फेरी, मग 150 ते 300 मीटर खाली उतरून पुढची. खालून वर कधीच नाही. घळीत शिरल्यावर वर चढायची ताकद संपली तर शोधणाऱ्यांचाच शोध घ्यायची वेळ येते.

गगनवेध

@रानवाटा, फार नेमकं लिहिलंत. उपग्रहांचं उत्तरही यातच आहे. ढग असले तर साधा कॅमेरा आंधळा. रडार लावलेला उपग्रह ढगांतून बघतो, पण वेगात आदळलेल्या विमानाचं 'विमान' उरत नाही. तुकडे हातभर, काही बोटभर, आणि वर पानांचं छप्पर. तज्ज्ञ नजर विमान शोधतच नाही. शेंडे एका तिरक्या रेषेत छाटलेले, पानं करपून तपकिरी झालेली, ओल्या लाल मातीचा ताजा ओरखडा, नाल्याच्या पाण्यावर इंधनाचा तवंग, हे बघते. आघातानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी करपलेली पानं वाळून रंग बदलतात तेव्हा जागा उलट जास्त ठळक दिसते.

रेवा

थोडं वैद्यकीय बाजूनं. रेडिओवर एक शब्दही न बोलता विमान जातं याचं लोकांना आश्चर्य वाटतं. जपानचं 9 एप्रिल 2019 चं एफ-35ए घ्या. मिसावा तळावरून संध्याकाळी सातच्या सुमारास चार विमानं हवाई लढतीच्या सरावाला गेली. तळाच्या पूर्वेला 135 किलोमीटरवर, समुद्रावर, त्यातलं एक नाहीसं झालं. अहवालानुसार ते 9600 मीटरवरून साधारण 20 सेकंदांत 4700 मीटरवर आलं आणि पुढच्या 15 सेकंदांत 300 मीटरच्याही खाली. वेग ताशी 1100 किलोमीटरच्या वर. इजेक्ट करायचा प्रयत्न झाल्याचं दिसत नाही. वैमानिकाच्या पाठीशी 3200 तासांचा अनुभव होता, त्यातले एफ-35 वरचे 60. विमान खाली चाललंय हे त्याला कळलंच नसावं, दिशाभ्रम झाला असावा, असा निष्कर्ष निघाला.

यात कमकुवतपणा काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिकांमध्ये द्रव असतो. सेकंदाला साधारण 2 अंशांपेक्षा हळू सुरू झालेलं वळण त्यांना कळत नाही. वेगाचं पण स्थिर वळण 10-20 सेकंद टिकलं की द्रव नलिकेबरोबर फिरायला लागतो आणि वळण थांबलं असं वाटतं. मग विमान खरोखर सरळ केलं की उलट बाजूला वळतोय असा भास होतो, आणि हात आपोआप पुन्हा आधीच्या वळणात नेतात. वेग झपकन वाढवला तर नाक वर चाललंय असं वाटतं आणि वैमानिक दांडी पुढे ढकलतो. काळोखा समुद्र, ढग आणि क्षितिज नाही, अशा वेळी उपाय एकच, उपकरणांवर विश्वास. 31 जानेवारी 2022 ला जपानच्याच कोमात्सु तळावरून उडालेलं दोन आसनी एफ-15 तळापासून अवघ्या 5 किलोमीटरवर कोसळलं. तिथेही दिशाभ्रमाचंच कारण पुढे आलं.

दुसरं कारण जी-बलाने, म्हणजे वळताना शरीरावर येणाऱ्या वजनाच्या कित्येक पट जोराने येणारी बेशुद्धी. जोरात वळताना रक्त पायांकडे जातं. पूर्ण शुद्ध साधारण 12 सेकंद हरपते आणि पुढचे तेवढेच सेकंद माणूस गोंधळलेला असतो. सेकंदाला 200 मीटर खाली येणाऱ्या विमानात 24 सेकंद म्हणजे 4800 मीटर. बोलायला कुणी शुद्धीवर असतं कुठे?

तिसरा_डोळा

रेवाताई, याच कारणासाठी जमिनीशी टक्कर आपोआप टाळणारी प्रणाली आली. अमेरिकन एफ-16 वर 2014 पासून, एफ-35 वर 2019 पासून. विमान भूभागाच्या नकाशाशी आपला मार्ग सतत ताडून बघतं आणि शेवटच्या क्षणी वैमानिक काही करत नसेल तर स्वतःच पंख सरळ करून नाक वर घेतं. माझ्या मते सरावात दगावणारी माणसं वाचवायला गेल्या काही दशकांत याच्याइतकं मोलाचं दुसरं काही झालं नाही. आपल्या ताफ्यातल्या प्रत्येक विमानावर हे यावं.

दर्यावर्दी

समुद्राचा हिशोब वेगळा, तो मांडतो.

26 नोव्हेंबर 2020 ला संध्याकाळी नौदलाचं दोन आसनी मिग-29के सराव उड्डाणात गोव्याजवळ अरबी समुद्रात कोसळलं. एक वैमानिक वाचला. दुसरे वैमानिक कमांडर निशांत सिंह यांचा शोध 9 युद्धनौका आणि 14 विमानं घेत होती. काही अवशेष 29 तारखेला मिळाले, त्यांचा देह 7 डिसेंबरला, किनाऱ्यापासून 30 मैलांवर, 70 मीटर खोलीवर.

पाण्यात प्रत्येक वस्तू आपल्या चालीने वाहते. रबरी तराफा वाऱ्याच्या 3-4 टक्के वेगाने सरकतो. वारा 15 नॉट (ताशी 15 सागरी मैल) असेल तर अर्धा नॉट, म्हणजे 12 तासांत 6 सागरी मैल, त्यावर प्रवाह वेगळा. तराफ्याशिवाय नुसतं जॅकेट घातलेला माणूस वाऱ्याने फारच कमी सरकतो, तो प्रवाहाबरोबर जातो. त्यामुळे तराफा आणि माणूस यांचे दोन वेगळे नकाशे काढावे लागतात. मोहिमेत जुना अंदाज घेऊन कुणी चालत नाही. पोचल्याबरोबर पाण्यात मोजणीचा तरंगक सोडतात आणि तो कसा वाहतो त्यावरून नकाशा सुधारतात. पाण्यावर केरोसिनचा तवंग काही तासांत उडून जातो, म्हणून पहिल्या संध्याकाळच्या फेरीला फार महत्त्व.

समुद्रतळाचा शोध त्यानंतर. आवाजाच्या लहरींनी बाजूला बघणारं सोनार ओढत पट्टे पाडायचे, संशयित जागी रिमोटवर चालणारी पाणबुडी उतरवायची. 70 मीटरला पाणबुडे जाऊ शकतात. जपानी एफ-35 पडलं तिथे खोली सुमारे 1500 मीटर होती. शेपटीचे तुकडे त्याच दिवशी पाण्यावर सापडले, पण रेकॉर्डरच्या ज्या भागात नोंदी राहतात तो भाग मिळालाच नाही. समुद्रतळावर 37.5 किलोहर्ट्झवर टिकटिकणारं बीकन प्रवासी विमानांत असतं, सेकंदाला एक टिक, जुनी 30 दिवस आणि नवी 90 दिवस चालतात. लढाऊ विमानांत ते असेलच असं नाही. 22 जुलै 2016 ला चेन्नईहून पोर्ट ब्लेअरला निघालेलं हवाई दलाचं मालवाहू विमान एएन-32 (29 माणसं) जानेवारी 2024 मध्ये 3400 मीटरवर सापडलं, ते राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडीला. सराव उड्डाण नव्हतं ते, पण समुद्र किती वर्षं घेतो ते कळावं म्हणून लिहिलं.

नीलकंठ

वैमानिक इजेक्ट झाला असेल तर तो अवशेषांजवळच असतो ना?

कर्णधार_७२

नसतो, आणि शोधात हा फरक जीवावर बेततो. उंचावर इजेक्ट झालं तर सीट खाली येत राहते आणि मुख्य छत्री 3 ते 5 हजार मीटरच्या दरम्यान उघडते. जमिनीपासून 4000 मीटरवर उघडली आणि सेकंदाला साडेसहा मीटरने खाली आली तर 10 मिनिटं लागतात. वारा सेकंदाला 15 मीटर असेल तर माणूस 9 किलोमीटर वाहून जातो, तोवर विमान कुठल्या कुठे. म्हणून पहिल्या तासात दोन शोध सुरू होतात, एक विमानाचा आणि एक वाऱ्याच्या दिशेला छत्रीचा. झाडावर अडकलेली छत्री पानांपेक्षा स्पष्ट दिसते, तीच आधी शोधायची.

वैमानिकाविना विमान किती जाऊ शकतं याचं टोकाचं उदाहरण 4 जुलै 1989 चं. पोलंडमधून सरावाला उडालेल्या सोव्हिएत मिग-23 च्या इंजिनाची ताकद गेली असं वाटून वैमानिक इजेक्ट झाला. विमान सावरलं आणि 900 किलोमीटर उडत बेल्जियममध्ये एका घरावर पडलं, आत एक तरुण होता, तो गेला. 17 सप्टेंबर 2023 ला चार्ल्स्टनजवळ अमेरिकन एफ-35बी वैमानिकाशिवाय 11 मिनिटं 21 सेकंद उडत राहिलं. ट्रान्सपॉन्डर बंद पडला होता, त्यामुळे तळाला लोकांकडे माहिती मागावी लागली. अवशेष दुसऱ्या दिवशी सापडले.

तिसरा_डोळा

कारस्थानं नकोत म्हणालात म्हणून एक जुनी नोंद. 8 सप्टेंबर 1970 च्या रात्री ब्रिटनच्या बिनब्रुक तळावरचं लायटनिंग जातीचं लढाऊ विमान सरावात उत्तर समुद्रावर नाहीसं झालं. काही आठवड्यांनी समुद्रतळावर जवळजवळ अखंड मिळालं. सीट जागेवर, आत वैमानिक नाही. उडत्या तबकड्यांच्या कथा आजही फिरतात. चौकशीत निघालं ते असं, की 160 नॉटने जाणाऱ्या शॅकलटन विमानाचा रात्री, खालच्या उंचीवर पाठलाग करताना वेग फार कमी करावा लागला आणि विमान पाण्याला टेकलं. आधी छत उडालं तरच सीट सुटणार होती, आणि छत उडवणाऱ्या यंत्रणेचे आटे खराब असल्याने कार्ट्रिजवर (स्फोटकाच्या नळकांडीवर) घाव नीट बसला नाही. वैमानिक, कॅप्टन विल्यम शॅफनर, हाताने छत उघडून बाहेर पडले असणार, पण ते कधी सापडले नाहीत. एक खराब आटा, बाकी काही नाही.

रानवाटा

शेवटी गावकरी आणि भटक्यांसाठी लिहितो, कारण डोंगरातले अवशेष बरेचदा त्यांनाच आधी दिसतात.

आवाज ऐकला किंवा धूर दिसला तर आधी घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. 'सकाळी' नको, '11 वाजून 8 मिनिटं' असं. उभे होतात ती जागा, आवाज कुठून कुठे गेला, स्फोट एकदा ऐकू आला की दोनदा, आणि मोबाइलवर अक्षांश-रेखांश. 112 ला किंवा जवळच्या पोलीस चौकीत कळवा. दोन गावांतून धुराची दिशा मिळाली तर नकाशावर दोन रेघा ओढून जागा मिळते, मोहिमेचा अख्खा दिवस वाचतो.

जागेवर पोचलात आणि कुणी जिवंत असेल तर मदत आधी. पण वैमानिक सीटमध्येच असेल तर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांच्या दांड्याला हात लावू नका, सीटखालचं रॉकेट अजून जिवंत असू शकतं. छताच्या काचेत स्फोटक दोरी असू शकते, तिच्यापासून लांब. वारा जिकडून येतोय त्या बाजूने जा, जळालेल्या कार्बन फायबरची धूळ फुप्फुसात जाते. तोंडाला ओलं फडकं बांधा, तेवढ्याने ती पूर्ण अडत नाही, म्हणून तिथे रेंगाळू नका. टायर, सिलिंडर, लांबोडकी नळकांडी यांच्या जवळ जाऊ नका. केशरी रंगाचा डबा दिसला तर उचलू नका, जागेवर खूण करा आणि फोटो काढा. रेकॉर्डर 1100 अंशांत तासभर टिकेल असा बनवतात, पण आघाताने तडकलेला असेल तर उचलाउचलीत आतली नोंदींची चिप निखळू शकते. तुकडे घरी नेऊ नका, बोटभर सुद्धा. कोणता तुकडा कुठे पडला यावरूनच विमान हवेत फुटलं की अखंड आदळलं ते ठरतं.